धान दाताला विचारून घ्यावं

खानसामाजी धानाचा एक दाणा समोरच्या दातांत धरायचे, डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायचे आणि चावायचे. 'कट्' असा आवाज आला तर धान वाळलेलं. नुसतंच दबलं तर ओलं. शेतकऱ्याने सात शपथा घेतल्या तरी यांचं एकच, "मेरे को मत बताओ जी, दांत से पूछो."

त्या दातांचं मी काही सांगायला लागलो की आमच्या घरातली माणसं उठून जातात. तुम्ही बसा. मी गोंदियाच्या स्टेशनावर पार्सलबाबू होतो आणि ते रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. त्यांचा 'कट्' मला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. एकदा तर एका गार्डाला वाटलं सिग्नल पडला. त्याने हिरवं निशाण हलवलं आणि मालगाडी सुटली. खोटं वाटत असेल तर त्या गार्डाला विचारा. तो आता हयात नाही, यात माझा काय दोष?

बडा दिन, म्हणजे नाताळ, जवळ आला, की खानसामाजी बांबूची टोपली घेऊन खेड्यांत शिरायचे. बाजारावर त्यांचा विश्वास नव्हता. फुलचूरला एका मरारणीची, म्हणजे तिकडच्या माळिणीची, भाजीची वाडी होती. तिथे वाटाण्याच्या ओळीत उकिडवे बसून ते शेंगा सोलायचे आणि तोंडात टाकायचे. ती कमरेवर हात ठेवून बघत राहायची.

"खानसामाजी, चाखून राहिले का जेवून राहिले?"

"चख रहा हूं, माय."

"मंग जेवाले बसान तवा सांगजा जी. वाडीले कुलूप लावा लागन."

एका वर्षी नवे साहेब आले आणि त्यांच्या मेमसाहेबांनी ठरवलं, बड्या दिनाचं जेवण कलकत्त्याच्या डब्यांतून. वाटाणे डब्यात, मासळी डब्यात, तांदूळसुद्धा डब्यात! दोन पेट्या माझ्याच ऑफिसात उतरल्या. खानसामाजींनी एक डबा उघडून बघितला, हुंगला, आणि झाकण पुन्हा दाबून बसवलं. "मर गया है," म्हणाले. मग तडक बंगल्यावर गेले आणि पितळी बिल्ल्याचा कमरपट्टा सोडून साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, सगळे जिन्नस वीस कोसांच्या आतल्या शेतांतून, तलावांतून आणीन. एकही बशी अर्धी परत आली तर पट्टा तुमचा, नोकरी संपली. अठ्ठावीस वर्षांची नोकरी होती ती. साहेब हसले. पण पट्टा मात्र खरोखरच टेबलाच्या खणात टाकून त्यांनी कुलूप लावलं.

भाजी फुलचूरची झाली. बदकं आणि मासळी नवेगाव बांधच्या तलावावरून आली. राहिला फक्त दुधातल्या गोड पदार्थाचा तांदूळ. त्यासाठी त्यांना नवेगावकडच्या एका गोंड म्हातारीच्या शेतातलं चिन्नोरच, ते बारीक सुवासिक धान, हवं होतं. दुसरं दाखवलं तर हुंगायचेसुद्धा नाहीत. जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं छोट्या लाईनीने निघालो. ती गाडी कशी होती म्हणता? पुढच्या डब्यातून उतरावं, ओटीभर बोरं वेचावीत आणि मागच्या डब्यात चढावं. बैलगाडीवाले तिला वाट द्यायचे ते निव्वळ दयेने. परतीची गाडी दुपारी होती. ती चुकली की पुढची दुसऱ्या दिवशी, म्हणजे साहेबलोक जेवून हात धुतल्यावर.

खळ्यावर पोचलो तर मळणी झालेली, पण धान भुसकटातच. उपणायला वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. म्हातारी सूप मांडीवर घेऊन बसलेली.

"भूसा के साथ दे दो, माय."

"नाही देत जी. रास उभी झाल्याबिगर, देवाले दाखवल्याबिगर खळ्यातला दाना हालत नाही."

"मेरी नौकरी का सवाल है."

"तुमची नोकरी हाये, आमचा देव हाये. वारा येईन तवा येईन."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, मी म्हातारीला गोष्टी सांगतो, तुम्ही चार सुपं टोपलीत भरा. माझ्या गोष्टींपुढे तिला भूकंपही कळणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दोन इंच बुटका झालो तो आजतागायत.

"चोरी का चावल फूलता नहीं, बाबू."

आणि पांढरा कोट, कडक फेटा अशा थाटात ते उपणायच्या तिपाईवर चढले. भरलेलं सूप डोक्यावर धरून उभे राहिले. सूर्य डोक्यावर आला, कलला. मी म्हटलं, उतरा. म्हातारी म्हणाली, उतरा. ऐकतील तर शपथ! शेवटी वाऱ्यालाच लाज वाटली असावी. तलावाकडून एक झुळूक आली, मागून दुसरी, आणि मग असा वारा सुटला की माझी टोपी उडाली. ती मध्यप्रांताबाहेर गेली असावी, कारण परत दिसली नाही.

रास उभी राहिली. म्हातारीने तिच्याभोवती राखेची रेघ ओढली, दिवा लावला आणि मोजायचा मान खानसामाजींना दिला. वारा त्यांनी आणला होता ना! कुडो त्यांच्या हाती आला. कुडो म्हणजे तिकडे धान मोजायचं माप. मोजताना कोणी बोलत नाही. आणि पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण अठ्ठावीस वर्षं साहेबांच्या बश्या मोजलेला माणूस! त्यांनी पहिला कुडो भरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक!"

म्हातारीने तो कुडो परत राशीवर ओतला. राख पुसली. आता रेघ पुन्हा, दिवा पुन्हा, सगळं पहिल्यापासून. तेवढ्यात स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली.

मी उडी मारून उठलो. खानसामाजी बसूनच राहिले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"गलती हो गई, माय. फिर से करो. आराम से."

दुसऱ्यांदा त्यांनी 'लाभ' म्हटलं ते इतकं हळू, की फक्त धानाला ऐकू गेलं असेल.

त्यांनी एक दाणा चावला. कट्! म्हातारीने आपल्या भाच्याला बैल जुंपायला लावले आणि आम्ही रेल्वेच्या मागे लागलो. बैलांनी इंजिनाकडे मागे वळून पाहिलं असं मी म्हणणार नाही. गाडीवान म्हणतो. मी एवढंच सांगतो, की पुढच्या स्टेशनात इंजिन पाणी पीत उभं होतं आणि आम्ही तिकीट काढून, नीट खिडकीशी जागा धरून बसलो.

पहाटे त्यांच्या बायकोने ते धान घरच्या उखळात कांडलं. रात्री बश्या परत आल्या त्या धुतल्यासारख्या. मेमसाहेब स्वतः स्वयंपाकघरात आल्या. हा तांदूळ कोणत्या डब्यातला?

"डिब्बे का नहीं, मेमसाब. हवा का."

साहेबांनी खणाचं कुलूप काढून पट्टा आपल्या हाताने परत दिला. तो दोन भोकं कमी पडला. मरारणीचं म्हणणं, तो सगळा तिचा वाटाणा.

पुढे वर्षं गेली आणि ते दातही एकेक करून गेले. मग चावायचं काम माझ्याकडे आलं. मी दाणा दाताखाली धरायचा आणि खानसामाजींनी माझ्या गालाला कान लावायचा. "बोला?" ते विचारायचे, म्हणजे दाणा वाजला का. "बोला जी," मी म्हणायचो. मगच टोपली पुढे व्हायची.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात बंगला रिकामा होता. साहेब निघून गेले होते. कोणी जेवण सांगितलं नव्हतं, कोणी जेवणारं नव्हतं. तरी बड्या दिनाच्या आधी खानसामाजी पट्टा बांधून, टोपली घेऊन माझ्या ऑफिसात हजर. "चलो, बाबू."

खळ्यावर म्हातारी आणखी वाकलेली. मी दाणा चावला. त्यांचा कान माझ्या गालाला लागलेला, थंडगार. दाणा नुसता दबला. मी जन्मभर थापा मारल्या, मंडळी, पण गालाला कान लावलेल्या माणसाला थाप मारता येत नाही.

"नहीं बोला, खानसामाजी."

"कायले घाई करता जी," म्हातारी म्हणाली. "कोन जेवाचा हाये आता?"

"तो क्या हुआ? गीला थोड़े ही ले जायेंगे." ते राशीजवळ मांडी घालून बसले. "बैठो बाबू. धूप है."

आम्ही तिघं तिसऱ्या प्रहरापर्यंत बसलो. धान वाळायला उन्हात पसरलं होतं. मधूनमधून मी एक दाणा उचलायचो, ते कान पुढे करायचे.

पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. मी अजूनही धान दाताला विचारूनच घेतो. चावताना गाल आपोआप बाजूला कलतो, आणि आवाज झाला तरी मी क्षणभर तसाच थांबतो, कोणी "बोला?" विचारतं का म्हणून.