उंदराच्या पोटातला चमकता गोळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर पुढचं सांगायची माझी हिंमत होणार नाही. एवढी शिकलेली बाई मी, पण स्वतःच्या घरी, अख्ख्या गल्लीसमोर माझा असा पचका झाला म्हणून सांगू!

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. नवी औषधं माणसाआधी उंदरांवर तपासतात ना, तिथं. उंदराला थेंबभर किरणोत्सारी साखर टोचायची, गुंगी द्यायची आणि यंत्रात सरकवायचं. एका चित्रात हाडं दिसतात. दुसऱ्यात ती साखर जमते तिथं चमकतं, आणि कॅन्सरच्या गाठीत ती जास्त जमते. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली की गाठ नेमकी कुठंय ते कळतं. उंदराला चिरायला नको!

त्या आठवड्यात पहिल्यांदाच सगळं स्कॅन मी एकटीनं केलं. चित्रं लॅपटॉपवर घेतली आणि सुट्टीला गावी, येरमाळ्याला आले.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, शेतकरी. माझ्या कामाचं त्यांना कोण कौतुक! बॅग ठेवायच्या आत म्हणाले, "दाखव की तुझा उंदीर!"

मी लॅपटॉप उघडला. अहो, काय सांगू! उंदराच्या ओटीपोटात पिवळाधमक गोळा! आम्हाला आधीपासून माहीत असलेली गाठ खांद्यावर, ती बिचारी फिकी. मी किंचाळलेच, "अण्णा, गाठ पोटात पसरली!"

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"उंदराला वाईट. पण मी शोधली ना! अजून कुणालाच माहीत नाही!"

झालं. अण्णा उठून दारात गेले. "आरं या की, माझ्या पोरीनं शोध लावलाय!" आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. बातमी हायवेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचली तोवर मी कॅन्सरवर औषधच काढलं होतं! शेजारच्या म्हाताऱ्या तात्यांनी विचारलं, "सरकार बोलवंल व्हय गं तुला?"

आणि मी? नाही म्हणायचं सोडून "बघू" म्हणाले!

वर शहाणपणा म्हणजे ते चित्र आमच्या मॅडमना आणि सगळ्या सहकाऱ्यांनाही पाठवलं. पाच मिनिटांत मॅडमचा फोन. अण्णांनी झडप घालून स्पीकर लावला. "समद्यांना ऐकू द्या!"

"वैशाली," मॅडम म्हणाल्या, "स्कॅनच्या आधी उंदराला लघवी झाली होती का?"

अख्ख्या गल्लीनं कान टवकारले.

"का हो मॅडम?"

"अगं, ती साखर लघवीवाटे बाहेर पडते. तो गोळा म्हणजे भरलेलं मूत्राशय आहे."

पहिल्या दिवशी शिकवतात हो हे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सहकाऱ्यांना काय तोंड दाखवू?

पण मॅडमचं संपलं नव्हतं. "खांद्यावरची खरी गाठ बघितलीस? मागच्या स्कॅनपेक्षा फिकी वाटतेय. एका उंदरावरून काही ठरवायचं नाही, पण औषध लागू पडत असेल कदाचित. आणि चित्र फार स्वच्छ काढलंस. पुढची सगळी स्कॅन आता तूच कर."

फोन बंद झाला. माझी मान खालीच. अण्णा मात्र ताठ उभे राहिले.

"ऐकलं का? चित्र लई स्वच्छ हाय म्हणल्या! आता समदं काम हिच्याकडंच! न चिरता माझ्या पोरीनं उंदराच्या पोटातली लघवी दाखवली. हाय का कुणाची ताकद?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या! मला रडावं की हसावं कळेना. पण खरं सांगते, तेव्हा वाटला तसा अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

डोळे पुसतेय तोवर तात्या काठी टेकत जवळ येऊन बसले. हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"बाई, आठ दिस झालं, मला लघवी साफ होईना. तुझं शिक्षणच त्यातलं हाय, तर बघ की जरा."

मी नाही म्हणायच्या आत त्यांच्यामागं आणखी दोघं येऊन बसले होते.