घरच्यांचा खण

आमच्या दवाखान्यात चोवीस वर्षं काउंटरवर बसणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणतात. पेशंट म्हणतात, औषधं घेऊन येणारे म्हणतात, डॉक्टर तर म्हणतातच. मीही म्हणते, आणि मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. तिचा नवरा इथे कंपाउंडर होता. तो गेल्यावर महिन्याभराने ती त्याचा डबा आणि छत्री न्यायला आली. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, बसा जरा, गर्दी आहे, नंबर तेवढे लावा." ती बसली ती बसलीच.

मी इथली नर्स. मला सिस्टर म्हणतात. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

वहिनीचं काम चोख. लॅबमधून रिपोर्ट आले की ती ते रजिस्टरमध्ये चढवायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची. डॉक्टर सही करायचे, आणि काही गडबड असली तर कोपऱ्यात लाल फुली मारायचे. लाल फुलीवाल्याला वहिनी फोन करायची, बाकीच्यांना नाही. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही पेशंटना सांगायचो. मीच किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे.

आणि तो फोन! एरवी बाई नुसती खेकसते. "पुढचा नंबर! कानात बोळे घातलेत का?" पण लाल फुली असली की तिचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "कसे आहात? जेवण झालं का?" आणि शेवटी हळूच, "येताना सोबत कुणाला तरी घेऊन या हं." ते वाक्य कानावर पडलं की आत ड्रेसिंग करता करता माझा हात थांबायचा.

आता खणाचं सांगते. काउंटरखाली डाव्या हाताला एक खण होता, त्याला आम्ही घरच्यांचा खण म्हणायचो. दवाखान्यात काम करणारे आणि त्यांच्या घरची माणसं, यांचे रिपोर्ट वहिनी रजिस्टरमध्ये चढवायची नाही. "आपल्या माणसांची दुखणी चारचौघांत कशाला? रजिस्टर काय, कुणीही चाळतं," म्हणायची. पाकीट न फोडता खणात टाकायचं आणि चहाच्या वेळी डॉक्टरांच्या हातात द्यायचं, सही झाली की परत खणात, अशी तिची पद्धत. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! आपली कुणीतरी एवढी काळजी घेतंय म्हणून आम्ही हुरळून जायचो.

थंडी संपता संपता मला आंघोळ करताना डाव्या काखेपाशी गाठ लागली. वाटाण्याएवढी. डॉक्टरांनी सुई घालून नमुना घेतला. "बहुतेक काही नसेल, पण बघून घेऊ," म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे रजेवर गेले. त्यांच्या जागी एक बदली डॉक्टर आले.

मला कुणी काही सांगितलं नाही. डॉक्टर परत आले, आजोबा झाल्याच्या आनंदात होते, तेही काही बोलले नाहीत. आणि मी विचारलं नाही. हो, नर्स असून विचारलं नाही! भीती वाटत होती, दुसरं काय. फोन आला नाही म्हणजे ठीक, हे दुसऱ्यांना सांगून सांगून मलाही पाठ झालं होतं. गाठ मात्र तिथेच होती. रोज हात लावायचे आणि रोज स्वतःला सांगायचे, तेवढीच आहे. तेवढीच नव्हती.

चार महिने गेले. मग तपासणीचं पत्र आलं. दवाखान्यात उपचार नीट होतात का, हे बघायला वरून बाई येणार होत्या. आम्ही पंधरा दिवस नुसती घासपूस केली. मुदत संपलेली औषधं काढली, फ्रिजवर तापमानाचा तक्ता लावला, रक्तदाबाचं मशीन तपासून घेतलं. वहिनीने प्रत्येक फाईलवर नवी चिठ्ठी डकवली.

तपासनीस बाई आल्या त्या कधी आल्या ते कळलंच नाही. रबरी तळाच्या चपला, पायाचा आवाज म्हणून नाही. चहा घेतला नाही. फ्रिज बघितला, सुया टाकायचा डबा बघितला, मला हात धुताना बघितलं. चांगलं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत.

"बाई हसत नाही गं," वहिनी माझ्या कानात कुजबुजली.

"तुला काय तिच्याशी सोयरीक जमवायचीय?" मी म्हटलं.

दुपारी त्यांनी लॅबकडून मागवलेली यादी पिशवीतून काढली. सहा महिन्यांत इथून कुठले नमुने गेले, त्याची. मग वहिनीचं रजिस्टर घेतलं आणि एकेका नावावर बोट ठेवत मोजायला बसल्या. तासभर दवाखान्यात फक्त पानं उलटल्याचा आवाज. बाहेर पेशंट खोकत होते, तेही दबकत.

"एकशे अठ्ठ्याऐंशी नमुने गेलेत," त्या म्हणाल्या. "रजिस्टरमध्ये रिपोर्ट एकशे एक्क्याऐंशी. सात कुठे आहेत?"

"ते होय! ते घरचे," वहिनी हसून म्हणाली. तिला वाटलं, आता कौतुक होणार. तिने सगळी पद्धत सांगितली. बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे या सात जणांची नोंद कुठेच नाही?"

माझा हात आपोआप काखेकडे गेला. त्या क्षणी मला कळलं. वहिनीने खण ओढण्याआधीच कळलं.

सहा रिपोर्ट डॉक्टरांच्या सहीचे निघाले. सातवं पाकीट मागे, फळीच्या फटीत अडकलं होतं. न फोडलेलं. त्यावर माझं नाव. वहिनीने ते हातात घेतलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. बदली डॉक्टरांच्या वेळी आलं होतं ते. परक्या माणसाला घरचा रिपोर्ट कशाला दाखवायचा, आपले डॉक्टर येऊ देत, म्हणून तिने ते बाजूला ठेवलं होतं. मग त्यावर दुसरी पाकिटं पडत गेली.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. संशयास्पद पेशी, मोठी तपासणी ताबडतोब करावी, असं लिहिलं होतं. चार महिन्यांपूर्वीची तारीख होती.

मी वहिनीला नको नको ते बोलले. तुझ्या कौतुकाला आग लागो, म्हणाले. मला परक्यांच्या रांगेत ठेवलं असतंस तर बरं झालं असतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून घेऊन आली. तो मी तिच्यासमोर फाडला. "पळतेस कुठे? बस तिथे, आणि नीट काम कर!"

तपासनीस बाईंच्या सांगण्यावरून सगळं बदललं. खण सुताराकडून काढून टाकला. आता घरचा असो की दारचा, प्रत्येक रिपोर्ट त्याच दिवशी रजिस्टरमध्ये चढतो, डॉक्टर रजेवर असले तर बदली डॉक्टर बघतात, आणि रिपोर्ट चांगला असो की वाईट, फोन सगळ्यांना जातो. फोनवर बोलायचं वाक्यही ठरलंय, काउंटरवर चिकटवलंय. सगळ्यांशी तेच, एकाच आवाजात. वहिनी चार दिवस ते घोकत होती.

मोठ्या दवाखान्यात माझ्या गाठीचा तुकडा काढला, रिपोर्ट आमच्याच दवाखान्यात यायचा होता. टाके ओले होते, म्हणून मी घरी होते. दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. आता फोन सगळ्यांनाच जातो, घाबरायचं कारण नाही, असं मी स्वतःला बजावलं.

"नमस्कार. आपला रिपोर्ट आला आहे. डॉक्टर आज पाच ते सातमध्ये भेटतील."

अगदी ठरल्यासारखा, कोरडा आवाज. माझा जीव भांड्यात पडला. बरं म्हणून मी फोन ठेवणार होते, पण तिने ठेवला नाही. तिच्या मागे कुणीतरी नंबर विचारत होतं. ती त्याच्यावर खेकसली नाही.

"जेवलीस का गं?" वहिनीने विचारलं.

तो मऊ आवाज मी ओळखत होते.

"वहिनी," मी म्हटलं, "खेकस ना गं माझ्यावर."

ती अगदी हळू म्हणाली, "येताना सोबत कुणाला तरी..."

"कुणाला आणू? मुलगा तिकडे परदेशात. माझ्या सोबतीला आजवर तूच येत आलीस."

तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "जरा काउंटर बघा," ती कुणाला तरी म्हणाली. मग मला म्हणाली, "दार उघडं ठेव. मी निघाले."