माघातलं तिसरं व्याख्यान

श्रीवर्धनला मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि आपल्या गावालाही इतिहास आहे, हे सगळ्यांना एकदम आठवलं होतं. गावच्या वाचनालयानं तीन व्याख्यानं ठरवली, सर्वांना खुली. अक्षर बरं म्हणून दाराशी फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि हळूहळू सगळीच व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. खरं सांगायचं तर मला ती मिरवायला आवडत होती.

तिन्ही व्याख्यानं मी पौर्णिमेला ठेवली. गावात वीज नव्हती. चांदण्यात लोकांना घरी जाता येईल, हे माझं शहाणपण. पहिलं पेशव्यांवर, दुसरं सुपारीच्या बागांवर. तिसरं, माघातलं, कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाचं; जन्मभर होडीचं सुकाणू सांभाळलेले. बंदराच्या तोंडाशी खडक आहेत, त्यांना बुडालेल्या माणसांची नावं आहेत. नावं सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक. ती माणसं कोण, कशी गेली, हे आता एकट्या त्यांनाच.

वही घेऊन मी तीनदा त्यांच्याकडे गेले. ते अंगणात जाळं विणत असत. पहिल्या खेपेलाच म्हणाले, "बाई, पुनवेला नको. उधान आसतंय, माजी मानसं सगली दर्यावर. अष्टमीला ठेवा. तवा पान्याला वढ न्हाय, होड्या घरी आसतात."

मासेमारीची जाळी उधाणातच लागतात, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी सुपारीच्या वाडीत वाढलेली. समुद्र मला फिरायला जाण्यापुरता माहीत.

"बाबा, फळा लिहून झालाय," मी म्हटलं.

"फला पुसता येतो," ते म्हणाले.

मी पुसला नाही.

पौर्णिमेला ते आले. धुतलेला सदरा, लाल टोपी, हातात काठी. सतरंजीवर आम्ही वीसेक जण होतो: बागाईतदार, मास्तर, एक वकील. कोळीवाड्यातलं एकही माणूस नव्हतं. त्यांनी चहा घेतला, कपबशी नीट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ज्येंच्या होड्या त्या खडकांमदनं जातात, ती मानसं हितं न्हायत. अष्टमीला येऊन सांगन." आणि उठून चालते झाले.

चारचौघांत माझी फजिती झाली. नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'अष्टमी' लिहिताना खडू दोनदा मोडला, इतकी मी चिडले होते. रागानं पुन्हा त्यांच्याकडे फिरकलेच नाही. गेले असते तर ते तापानं पडलेत हे कळलं असतं. उशाशी बसून विचारता आलं असतं. ही खंत मला आजही सोडत नाही.

षष्ठीला ते गेले.

अष्टमीच्या संध्याकाळी मी फळा पुसायला म्हणून गेले, तर वाचनालयाच्या पायऱ्यांवर कोळीवाडा बसलेला. बाया, पोरं, होड्यांवरचे बाप्ये. अंथरूण धरण्याआधी बाबा घरोघर जाऊन सांगून आले होते.

"पण आता बोलणार कोण?" मी विचारलं.

त्यांची शेजारीण पुढे आली. "बाबा बोलला व्हता, बाई वही घ्येऊन तीनदा आल्या, लिवत व्हत्या. आमी म्हटलं, सगलं लिवलं आसल. वाचा न्, बाई."

व्यवस्थेची वही नेहमीसारखी हातातच होती. मी ती उघडली. तीन खेपांचं माझं सुरेख अक्षर: विषय, वेळ, सतरंज्या चार, कंदील दोन. बुडालेलं एकही माणूस त्यात नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

नीट ऐकू यावं म्हणून बाया पुढे सरकून बसल्या.