डिशवॉशरमधली खजुराची टोपली

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. रक्कम पंचेचाळीस डॉलर, चेकने. हजर: मी, बायको, एडिसनहून आलेली मेहुणी आणि जिच्या टोपलीची आम्ही वाट लावली ती समोरची शेजारीण.

शेजारीण मोरोक्कोची, तिथल्या बर्बर जमातीची. तिचं गाव वाळवंटातल्या मरूद्यानात, खजुरांच्या बागांत. ही टोपली तिच्या आईनं खजुराच्या पातींनी विणलेली. वर झाकण, काठाला लाल लोकर. आई आता नाही. तिच्या हातची एवढी एकच वस्तू इथे, आमच्या नोव्हाय गावापर्यंत पोचली होती. त्यातून शेजारणीनं आम्हाला घरचा गरम पाव पाठवला.

भांडं परत करायचं ते भरून, आणि त्याआधी स्वच्छ करून. मी टोपली ओल्या फडक्यानं पुसली आणि वाळायला डिशवॉशरमध्ये ठेवली. आमच्याकडे चौदा वर्षं ते यंत्र म्हणजे भांडी निथळायचं कपाट आहे. ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत तसंच. मेहुणीकडे मात्र ते चालवतात.

"भाऊजी, मशीन भरलं होतं, मी लावून टाकलं," ती कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली.

झाकण पापडासारखं वाकलं. काठ उसवला. लोकरीचा लाल रंग आमच्या पांढऱ्या कपांवर उतरला. मी इंटरनेटवर अकरा दुकानांतले भाव पाहिले, सरासरी काढली, चेक लिहिला आणि शेजारणीला बोलावलं.

तिनं टोपली बराच वेळ हातात धरली. मग चेक पाहिला.

"पंचेचाळीस? आई असती तर तिनं तुम्हाला आणखी चार विकल्या असत्या."

हसली, पण टोपली खाली ठेवेना. शेवटी म्हणाली, "एक मोठं पातेलं द्या. आणि पाणी."

"पाण्यानंच तर हे झालं," मी म्हणालो.

"पात भिजल्याशिवाय वळत नाही. आई रात्रभर भिजवायची. मी नुसती बघायचे, कधी शिकले नाही."

भिजवलेली टोपली तिनं पालथ्या पातेल्यावर बसवून दोरीनं आवळली. काठाला बायकोची गोधडीची सुई लागली. टाका दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला, तेव्हा ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. आम्ही अर्थ विचारला नाही.

"बघा, माझ्यामुळे शिकली," मेहुणी म्हणाली. बायकोनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

मंगळवारी टोपली नऊ पुरणपोळ्या घेऊन समोर गेली. झाकण एका बाजूनं अर्धा इंच वर राहतं; मी मोजलं. चेक तिनं घेतलाच नाही. पातींचे तुकडे मात्र मशीनच्या पंपात अडकले होते. "मशीन अगदी नव्यासारखं आहे," असं म्हणत डिशवॉशर दुरुस्त करणाऱ्यानं माझ्याकडून एकशे पासष्ट डॉलर घेतले.