ट्रॅक्टरवरची मुलाखत

कात्रजचा बोगदा मागे पडला तेव्हा माझ्या डोक्यात माहितीपट तयार होता. कोरेगावजवळच्या एका गावातले निवृत्त सुभेदार, बर्फातली ठाणी, गस्त, पदकं. कॅमेरामन संदीप गाडी चालवत होता. त्याचं घर इस्लामपूरला. संकलन तिथंच करायचं होतं.

सुभेदार इस्त्रीचा कोट घालून पडवीत बसले होते. पण काहीही विचारलं तरी उत्तर एका ओळीत संपे. "थंडी होती. सगळ्यांनाच होती." घरची काळजी वाटायची का? "घरी सगळं ठीक होतं." दुपार झाली तरी हाती काही लागलं नव्हतं.

जेवायला बाजरीची भाकरी, झुणका आणि खर्डा (मीठ-लसूण घालून ठेचलेल्या हिरव्या मिरच्या) होता. वाढता वाढता त्यांच्या पत्नी रखमाबाई सहज म्हणाल्या, "ठीक कसलं? भाऊजी म्हणत हुते, बाईमाणसाला शेती जमायची न्हाई, जमीन आमाला कसाय द्या. मग मी ट्रॅक्टर शिकले."

माझा घास हातातच राहिला. मी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसायला सांगितलं.

"माझं काय घेताय? मी कुठं लढाईला गेल्ते?"

शेवटी त्यांच्याबरोबर रानात (शेतात) गेलो. पदर खोचून त्या ट्रॅक्टरवर चढल्या आणि उसाच्या कडेनं नांगरट सुरू केली. बोलायलाही लागल्या, पण इंजिनच्या आवाजात शब्द बुडाले. हेडफोन काढून संदीपनं मान हलवली. मी हात केला. इंजिन बंद झालं आणि तिथंच, वर बसून, त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी बांधावर जमून हसणारी माणसं. तापानं फणफणलेल्या मुलीला पुढ्यात घेऊन, ट्रॅक्टरनंच गाठलेला कोरेगावचा दवाखाना. रजेवर आलेल्या नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"ते तिकडं एकटं. हितलं ओझं कशाला द्यायचं?"

इस्लामपूरला संदीपच्या माडीवर संकलनाला बसलो. सुभेदारांचं "घरी सगळं ठीक होतं" ठेवलं, आणि त्यालाच जोडून रखमाबाईंचा दवाखान्याचा प्रसंग. पडद्यावर दोघं एकमेकांशी बोलू लागले. अख्खा माहितीपट तिथंच उभा राहिला.

पहिलं कच्चं संकलन दोघांना बोलावून दाखवलं. संपल्यावर सुभेदारांनी बायकोकडं पाहिलं.

"ह्यातलं मला काईच म्हाईत न्हवतं."

"तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," रखमाबाई म्हणाल्या.

ते माझ्याकडं वळले. "माझं कमी करा. हिचं वाढवा."

तसंच केलं. शाळेच्या पटांगणात फिल्म दाखवली तेव्हा टाळ्या थांबेनात. सुभेदारांनी बायकोला हात धरून पुढं आणलं. पाठोपाठ गावातल्या बायकांनी आम्हाला गराडा घातला. "आमचंबी घ्या की," एक म्हणाली. "आमचं मालकबी फौजेत हुतं."

संदीप गाडी घेऊन घरी गेला. साताऱ्याहून एसटीनं परतताना माझ्या पिशवीत रखमाबाईंनी बांधून दिलेल्या भाकरी होत्या आणि खिशात त्या बायकांचे नंबर. इतकी वर्षं मी मुलाखती घेतोय, प्रश्न चांगले असले की झालं, असं समजत होतो. यापुढं प्रश्नाआधी एवढंच बघणार, की कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे.