ह्यांना काही रिकामं बघवत नाही

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू रिकामी बसलेली बघवत नाही. माणूस रिकामा बसलेला चालतो, सुट्टीच्या दुपारी ते स्वतःच त्याचं उदाहरण घालून देतात. पण मोडक्या छत्रीची दांडी, बंद पंख्याची मोटर, पाठकोरा कागद असं काही नजरेला पडलं की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. ते पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करतात. तिथे त्यांना खटपट्या म्हणतात, आणि तेही म्हणे कौतुकाने. घरी मिक्सर उघडून पुन्हा बंद केला तेव्हा एक स्क्रू उरला. तो त्यांनी भिंतीत पिळला आणि त्याला किल्ल्या अडकवल्या. मिक्सर तेव्हापासून टेबलावरून चालत जातो.

म्हणूनच माझ्या लॅपटॉपला हात लावायची त्यांना सक्त मनाई होती. मी लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढते. ओटा किती उंच, फळी कुठे, खण किती खोल, सगळं त्या लॅपटॉपवर. तो इतका हळू झाला होता की तो सुरू करून मी दूध तापायला ठेवायची आणि दूध आधी उतू जायचं.

"अगं, तुझी हार्ड डिस्क म्हातारी झालीय," हे येता-जाता म्हणायचे. "आतली तबकडी फिरून फिरून दमलीय. एसएसडी टाकू, नव्या तऱ्हेची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच."

असं वर्षभर ऐकलं. मग लायब्ररीवाल्या बाईंचं काम आलं आणि मी हात टेकले.

या बाई एका अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसून असतात. लायब्ररी सांभाळतात, घरी भाऊ-वहिनीबरोबर राहतात. स्वयंपाकाची भारी आवड, पण साधं झाकण हवं असलं तरी वहिनीला हाक मारावी लागते. वहिनी चांगली आहे, लगेच येते. "तेच तर नको झालंय," बाई मला म्हणाल्या होत्या. त्यांच्यासाठी मी बसून काम करता येईल असा ओटा आणि हाताशी येतील अशा फळ्या आखल्या. हे काम मला मनापासून चांगलं करायचं होतं. सुतारमामांनी बजावलं होतं, की सोमवारी सकाळी आराखडा हातात पडला तर लाकूड कापायला घेतो, नाही तर एका हॉटेलचं काम आहे, मग तीन-चार महिने माझं तोंड दिसणार नाही. आराखडा जवळजवळ झाला होता, पण लॅपटॉप एकेक रेघ काढायला कुंथत होता. शनिवारी मी म्हटलं, करा काय करायचं ते.

ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी नवी डिस्क केबलने बाहेरून जोडली, जुनीवरचं नवीवर उतरवलं, लॅपटॉपची पाठ उघडली, डिस्कांची अदलाबदल केली. एकही स्क्रू उरला नाही. बटण दाबलं आणि मी चष्मा पुसेपर्यंत लॅपटॉप सुरू. सासूबाईंनीसुद्धा जपमाळेतून मान वर केली. मी तोंडभरून कौतुक केलं, ते मला अजून टोचतंय.

रविवारी सकाळी कामाला बसले तर डी ड्राइव्हच नाही.

डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग होते, आणि सगळं काम डीवर ठेवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं. "सी कधीही बिघडतो. डी म्हणजे तिजोरी," हे त्यांचेच शब्द.

"अहो, डी कुठे आहे?"

त्यांनी दाढीचा ब्रश खाली ठेवला. चेहऱ्यावर फेस होता, पण त्याखालचा रंग उडालेला मला कळला. नव्या डिस्कवर जागा थोडी कमी होती. म्हणून आधी त्यांनी फक्त सी उतरवला आणि डीचं नंतर बघू असं ठरवलं. हे ठरवताना मला विचारलं नव्हतं. मग लॅपटॉप झटकन सुरू झाला, ह्यांचं कौतुक झालं, आणि डी डोक्यातून गेला तो गेलाच.

"मग जुनी डिस्क आणा, त्यावर असेल."

त्यांनी रेझर उचलला आणि घाईघाईने एक गाल खरवडायला घेतला.

"कुठे आहे जुनी डिस्क?"

"धाकट्याकडे," सासूबाई म्हणाल्या. "कालच नेली त्याने."

चांगली डिस्क, रिकामी कशाला पडू द्यायची, म्हणून ह्यांनी ती फॉर्मॅट करून माझ्या दिराला दिली होती. मी फोन लावला. भाऊजी खुशीत होते. "वहिनी, मस्त आहे हो डिस्क. रात्रभरात सिनेमांनी गच्च भरली." दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने फोनवरच सांगितलं, की नुसती पुसली असती तर प्रयत्न केला असता, वर इतकं लिहिल्यावर जुनं काही निघायचं नाही. आणि मापांचे कागद? मापं लॅपटॉपमध्ये गेल्यावर ते कागद पाठकोरे म्हणून ह्यांनी कधीच कापून टिपणं लिहायला घेतले होते.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. सासूबाईंनी कान झाकले नाहीत, उलट मध्ये दोन वाक्यांची भर घातली, एवढंच सांगते.

"मी जाऊन मापं घेऊन येतो," हे म्हणाले. "तू ओटा काढायला घे." आणि टेप घेऊन निघून गेले. अर्धी दाढी तशीच होती.

भिंतींची मापं माझ्या डोक्यात पक्की होती, तेवढ्यावर मी सुरुवात केली. लॅपटॉप वाऱ्यासारखा चालत होता. का नाही चालणार, आत होतं काय? दुपार उलटली तरी ह्यांचा पत्ता नाही. फोन केला तर मागे हसण्याचा आवाज. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आले ते चार वाजता. मापं नीट लिहिलेली होती. मी वाचत गेले आणि वरच्या फळीपाशी थांबले.

"ही फळी चुकलीय. मी चांगली वीतभर वर घेतली होती. त्यांचा हात तिथवर पोचतो, मी विचारलं होतं."

"नाही पोचत," हे म्हणाले. "त्यांची एक जुनी चाकाची खुर्ची कोपऱ्यात नुसतीच पडून होती. मी तिच्यात बसून बघितलं, तर फळीशी हात न्यायच्या नादात खुर्चीसकट कलंडलो. त्या इतक्या हसल्या. मग म्हणाल्या, खरं सांगू का, माझाही नाही पोचत. दुसऱ्या हाताने रेटून उचलावं लागतं अंग. तुमच्या मिसेसना हो म्हटलं मी. त्या घाईत होत्या, आणि इतकं सगळं मनापासून करत होत्या, म्हटलं कशाला परत कामाला लावा."

मापं घेताना त्यांच्या दुसऱ्या हाताकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पहिला आराखडा शाबूत असता तर तो सोमवारी सुतारमामांकडे गेला असता, आणि बाई जन्मभर त्या फळीखाली बसून वहिनीला हाक मारत राहिल्या असत्या. वाईट मला वाटलंच. पण संतापही तसाच होता, आणि आता तो काढायला जागा उरली नव्हती.

पहिला आराखडा गेला असता तर काय झालं असतं, ते मी ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. ते म्हणाले, "म्हणजे फॉर्मॅट केलं ते एका अर्थी बरंच झालं."

"आणखी एक शब्द बोलाल तर बघा."

आराखडा सोमवारी सकाळी गेला. महिन्याभराने ओटा बसला तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. आम्ही दारात उभे होतो. त्यांनी खुर्ची ओट्याखाली सरकवली, खालच्या खणातून पातेलं काढलं, मग हात वर करून फळीवरचं झाकण घेतलं. दुसरा हात मांडीवर तसाच राहिला. वहिनी सवयीने धावत आली आणि मध्येच थांबली.

"नको," बाई म्हणाल्या. "तू बस जरा."

मी ह्यांच्याकडे बघितलं तर ते टेबलावरच्या बाईंच्या लॅपटॉपकडे बघत होते. तो सुरू व्हायला धडपडत होता. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी त्यांना दंडाला धरून जिन्याशी नेलं.