पाय काढ, मास्तरीण!

आधी कबुली. एकवीस वर्षांची असताना मी एक ट्रॅक्टर उलथवला आणि पंचेचाळीस वर्षं त्याबद्दल खोटं बोलले.

नवी सून, दहावी पास, स्वतःला लई शहाणी समजायची! उठता-बसता सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून सासरे मला 'मास्तरीण' म्हणायचे. करमाडजवळ आमचं शेत. त्यांच्या मागं लागून ट्रॅक्टर शिकले. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकाला ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर काढताना दोन्ही पेडलं कडी लावून जोडायची, नाहीतर एकच चाक अडतं आणि गाडी गर्रकन फिरते. सासऱ्यांनी दहादा सांगितलेलं. "कळलं हो मामा!" म्हणत मी बिनकडीचीच रस्त्यावर आले. समोर बैलगाडी... दिला पाय दाबून! मडगार्डवर बसलेले मामा ओरडले, "पाय काढ, मास्तरीण! जातंय तिकडं जाऊ दे!"

मी आणखी दाबला.

रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत उलटलो. मामांचा पाय मोडला, जन्मभर लंगडले. मी गावाला सांगितलं — ब्रेक फेल झाला. आदल्याच दिवशी ब्रेक बघून गेलेल्या मिस्त्रीकडं मग कुणी गाडी नेईना. मामांना खरं ठाऊक होतं. अवाक्षर बोलले नाहीत.

आता अनुभव. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. भूतखेत, अंगात येणं, सगळं हद्दपार. भुताची गोष्ट सांगणाऱ्याला मामा चहासुद्धा देत नसत. मीही मानत नाही. आजही नाही! 'आजी, ताईत बांधा' असं कॉमेंटमध्ये लिहायची तसदी घेऊ नये.

माझी नात प्रज्ञा पायलट आहे. गेल्या हिवाळ्यात, सकाळी दहाला, तिनं मला चार सीटच्या विमानात शेजारी बसवलं. शहराबाहेरची छोटी धावपट्टी... नाव सांगत नाही, पोरीची नोकरी नवी आहे. मुलगा नको म्हणत होता. मी म्हटलं, "तुला विचारून जन्मले का मी?" वरून खुलताबादचे डोंगर बघितले. हेडफोननं अंबाडा विस्कटत होता, म्हणून उतरायच्या आधी काढून मांडीवर ठेवला. हे लक्षात ठेवा.

चाकं टेकली. ब्रेक दाबला तसं विमान उजवीकडं ओढू लागलं. डावा ब्रेक गेला होता. विमानालाही ट्रॅक्टरसारखेच दोन वेगळे ब्रेक असतात, हे मला नंतर कळलं. प्रज्ञा पाय रोवून आणखी दाबत होती... अगदी माझ्यासारखी! समोर इंधनाचा टँकर. मी डोळे मिटले, तोंडही. कवळी पर्समध्ये होती. बोलले असते तरी कुणाला कळलं नसतं.

एकदम तिनं ब्रेक सोडले. विमान सरळ झालं, टँकरला चुकवून पुढं धावत राहिलं, पट्टी संपली, तारेचं कुंपण तोडून तुरीत शिरलं. थांबलं.

आम्ही बाहेर येऊन ढेकळांवर बसलो. प्रज्ञा म्हणाली, ब्रेक सोडले म्हणून वाचलो. मी विचारलं, "पाय काढायचं कसं सुचलं गं?"

"मला कुठं सुचलं? हेडफोनमधी कुणीतरी म्हातारा ओरडला — पाय काढ, मास्तरीण! जातंय तिकडं जाऊ दे! मला मास्तरीण का म्हणाला, आजी?"

धावपट्टीवरून तिच्याशी रेडिओवर बोलणारा माणूस केरळचा. त्याला 'नमस्कार'पलीकडं मराठी येत नाही. मुलगा म्हणतो, तूच कधी सांगितलं असशील. नाय सांगितलं! लपवलेली गोष्ट मी नातीला कशाला सांगू? आणि 'मास्तरीण' हा शब्द मामांबरोबरच गेला, प्रज्ञाच्या जन्माआधी बारा वर्षं. तरी भूत म्हणणार नाही. म्हटलं तर मामाच माझा चहा बंद करतील. मग काय होतं? माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, उगाच सांगू नका.

मिस्त्री आता नाही. मागच्या आठवड्यात करमाडला जाऊन त्याच्या मुलासमोर खरं बोलून आले. आज इथं लिहिते आहे, कारण तुरीत बसल्या-बसल्या प्रज्ञानं पुढं मला हे विचारलं:

"आजी, तो आवाज शेवटी म्हणाला, 'तुझ्या आजीला म्हणावं, त्या मिस्त्रीची काय चूक नव्हती.' कुठला मिस्त्री गं?"